समुद्राच्या पाण्यातला आवाजाचा वेग बदलतो तेव्हा: मरीन सिस्मिक डेटात वॉटर व्हेलॉसिटी करेक्शन कसं करायचं

मरीन सिस्मिक सर्व्हेत जहाज पाण्यात आवाज सोडतं आणि समुद्रतळ व त्याखालच्या थरांवरून परत येणारे प्रतिध्वनी नोंदवतं. अशा खोल पाण्यातल्या थ्रीडी डेटाची टाईम स्लाईस (एकाच वेळेचा आडवा काप) उघडली आणि सेल लाईनच्या (जहाज ज्या रेषेत शूट करत जातं तिच्या) दिशेने समांतर पट्टे दिसले, क्रॉसलाईन (सेल लाईनला काटकोनात घेतलेला छेद) उघडली तर समुद्रतळ करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होताना दिसला, की बरेच जण लगेच म्हणतात वॉटर व्हेलॉसिटीचा (पाण्यातल्या आवाजाच्या वेगाचा) प्रॉब्लेम आहे, शिफ्ट लावून (वेळ सरकवून) टाका. बेलापूर-पनवेल पट्ट्यात या क्षेत्रात काम करणारी आणि नुकतं एमएससी करून आलेली बरीच मुलं-मुली मला हे कसं करायचं विचारतात, म्हणून पूर्ण पद्धत एकदा नीट लिहून ठेवतोय. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे: जितके मिलिसेकंद करेक्ट करायचे आहेत तितके मिलिसेकंद समुद्र देऊ शकतो का, हे आधी कागदावर काढून बघायचं. त्या मिलिसेकंदांचं परत तापमानाच्या डिग्रीत रूपांतर करता आलं पाहिजे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

हे का होतं

मागे सहा-आठ किलोमीटरचे स्ट्रीमर (रिसीव्हर बसवलेल्या केबल) ओढणारं जहाज रिक्षासारखं जागच्या जागी वळत नाही, त्याला वळायला मोठा घेर लागतो, म्हणून ते एका सेल लाईनवरून जातं आणि परतताना बरंच अंतर सोडून दुसरी लाईन घेतं. त्यामुळे नकाशावर शेजारी-शेजारी असलेल्या दोन लाईन्स प्रत्यक्षात काही दिवसांच्या, कधी कधी काही आठवड्यांच्या अंतराने शूट होतात, आणि इन्फिल (राहिलेल्या फटी भरायच्या) लाईन्स तर सगळ्यात शेवटी. तेवढ्यात खालचं पाणी बदललेलं असतं. एखादी भोवऱ्यासारखी एडी सरकून गेलेली असते, थर्मोक्लाईन (जिथे खाली जाताना पाणी झपाट्याने थंड होतं तो थर) खाली-वर झालेली असते, सीझन बदललेला असतो.

आकडे लक्षात ठेवा, रोज लागतात. पृष्ठभागावर २८ डिग्री पाण्यात आवाजाचा वेग साधारण १५४० मीटर प्रति सेकंद, ५०० मीटरवर १० डिग्री असेल तर १५०० च्या जरा खाली, आणि २००० मीटरवर ४ डिग्रीला परत १५०० च्या जवळपास, कारण तिथे थंडीमुळे कमी झालेला वेग दाबामुळे भरून निघतो. तापमानाचा परिणाम सगळीकडे सारखा नाही हे बरेच जण विसरतात: १० डिग्रीच्या आसपास एक डिग्री वाढली तर वेग साधारण ३.६ मीटर प्रति सेकंदाने वाढतो, पण २८ डिग्रीला एक डिग्री वाढली तर फक्त २.२ ने. खारटपणा एक युनिट वाढला तर एक-सव्वा, आणि खोली १०० मीटर वाढली तर १.६. हे मेडविनच्या १९७५ च्या सोप्या सूत्रातून निघतं, आणि हाताने अंदाज काढायला ते पुरेसं आहे. फायनल कामाला डेल ग्रोसो किंवा चेन-मिलेरो यांचं सूत्र वापरा, पण सगळ्या प्रोजेक्टभर एकच वापरा.

आता समुद्र किती देऊ शकतो ते बघू. समजा पाणी १५०० मीटर खोल आणि सरासरी वेग १५००, म्हणजे समुद्रतळाची टू-वे (आवाज खाली जाऊन परत यायची) वेळ बरोब्बर २ सेकंद. शेजारच्या सेल लाईनवर तोच तळ ४ मिलिसेकंद लवकर आला. वेळेतला फरक भागिले एकूण वेळ, गुणिले वेग, म्हणजे सरासरी वेग ३ मीटर प्रति सेकंदाने वाढलेला दिसतो. ऐकायला छोटा आकडा आहे आणि इथेच माणूस फसतो. कारण खोल पाणी फारसं बदलत नाही, बदल जवळजवळ सगळा वरच्या काहीशे मीटरमध्ये होतो. तो सगळा वरच्या २०० मीटरमध्ये बसवायचा म्हटला तर त्या थरातली टू-वे वेळ फक्त ०.२६ सेकंद, त्यातून ४ मिलिसेकंद काढायचे म्हणजे वेग दीड टक्क्याने, साधारण २३ मीटर प्रति सेकंदाने वाढायला हवा, म्हणजे पूर्ण २०० मीटरचा थर ९-१० डिग्रीने गरम. डिसेंबर ते मार्चमध्ये अरबी समुद्रात असं होत नाही. दीड मिलिसेकंद असता तर साडेतीन-चार डिग्री, थर्मोक्लाईन पन्नासेक मीटर खाली गेली तर तिच्या आसपासच्या थरात एवढा फरक पडू शकतो, ते पटण्यासारखं आहे. ४ चे ४ पाण्याच्या नावावर टाकायच्या आधी मात्र थांबा.

बंगालच्या उपसागरात पावसाळ्यानंतर नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर वर तरंगतो, मग खारटपणाचं काय असं विचारतात. ४० मीटर जाडीचा थर धरा आणि ४ युनिटचा फरक धरा, हाताशी येतात फक्त ०.१५ मिलिसेकंद. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, मिठाच्या मागे वेळ घालवू नका, थर्मोक्लाईनकडे बघा.

आणि मुंबई हायसारख्या ठिकाणी, जिथे पाणी शंभर मीटरच्या आतच आहे, तिथे हा उद्योग करूच नका. वेग ५ ने बदलला तरी अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी. तिथे भरती-ओहोटी महत्त्वाची.

आधी बाकीचे संशयित बाजूला काढा

पाण्याच्या वेगाला हात लावायच्या आधी बाकी सगळे टाईम शिफ्ट संपवायचे, नाहीतर जखम मांडीला आणि मलम शेंडीला असा प्रकार होतो. रेकॉर्डिंग सिस्टिमचा डिले आणि गन डिले (एअरगन फुटायला झालेला उशीर) ऑब्झर्व्हर लॉगमधून घ्या आणि सेल लाईननुसार तपासा, मध्येच सिस्टिम रीस्टार्ट झाली असेल तर त्या शॉटपासून पुढे डिले बदललाय का ते बघा. सोर्स आणि केबलची खोली प्रत्यक्ष डेप्थ सेन्सरवरून घ्या, नुसत्या प्लॅनमधल्या आकड्यावरून नको. केबल एक मीटर खाली गेली की साधारण ०.७ मिलिसेकंद गेले.

मग भरती. पाणी एक मीटर चढलं की टू-वे वेळ १.३ मिलिसेकंदाने वाढते. दिवाळे कोळीवाड्यातल्या कुठल्याही नाखव्याला विचारा, अमावस्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, हे त्याला कॅलेंडर न बघता माहीत असतं, आणि आपल्या ठाणे खाडीत उधाणाला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं ते वाशीच्या पुलावरून सगळ्यांनी बघितलेलंच आहे. पण हेच किनाऱ्यावरचे आकडे खोल समुद्रातल्या सर्व्हेला लावायचे नाहीत. अपोलो बंदरचं टाईड टेबल अपोलो बंदरसाठी आहे, किनाऱ्यापासून लांब भरतीची उंचीही वेगळी आणि वेळही वेगळी. एकतर टायडल मॉडेलमधून सर्व्हेच्याच जागेचे आकडे काढा, नाहीतर जहाजावरच्या जीएनएसएसची (उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या यंत्रणेची) उंची लाटांवर ॲव्हरेज करून वापरा. दोन्ही असतील तर एकमेकांवर प्लॉट करा.

भरती ओळखायची एक खूणही आहे. ६० किलोमीटरची सेल लाईन साडेचार नॉटने शूट करायला सात-एक तास लागतात, आणि भरती ते भरती साधारण साडेबारा तास. म्हणजे एकाच लाईनमध्ये पाणी पूर्ण चढून उतरणीला लागलेलं असू शकतं. लाईनच्या लांबीवर तळाची वेळ अशी सावकाश वाकत गेली तर ती आधी भरती समजा. फक्त एवढं लक्षात असू द्या की समुद्राच्या आत थर्मोक्लाईनसुद्धा याच लयीत वर-खाली होते, त्याला इंटर्नल टाईड म्हणतात, त्यामुळे नुसत्या लयीवरून निकाल देऊ नका. निकाल कशावरून द्यायचा ते पुढे येतंच.

जहाजावरून आलेली मोजमापं

एसव्हीपी (आवाजाच्या वेगाचं प्रोफाईल), सीटीडी (तापमान, खारटपणा आणि खोली मोजणारं यंत्र), एक्सबीटी (एकदाच वापरायचा तापमानाचा प्रोब), जे जे टाकलं असेल ते सगळं मागवून घ्या, तारीख-वेळ-जागेसकट. सीटीडी सगळ्यात चांगलं, पण त्यासाठी जहाज थांबवावं लागतं, म्हणून प्रॉडक्शन, म्हणजे शूटिंग, चालू असताना बहुतेक वेळा एक्सबीटीच मिळतो. तो फक्त तापमान मोजतो, खोलीसुद्धा मोजत नाही, पडण्याच्या वेगाच्या सूत्रावरून खोली काढली जाते, आणि खारटपणा आपल्याला दुसरीकडून आणून लावावा लागतो. प्रोफाईल डोळ्याने बघितल्याशिवाय वापरू नका. सुरुवातीचे काही मीटर प्रोब स्थिरावत असतो, ते काढून टाका. त्याची तांब्याची तार केसासारखी बारीक असते, तिचं इन्सुलेशन जहाजाला घासून गेलं की खाली जाता जाता पाणी अचानक गरम होतंय असं दिसायला लागतं. खोल समुद्रात अशी उडी दिसली तर तिथून खालचं सगळं कापा.

नेहमीच्या वापरातला एक्सबीटी ७६० मीटरपर्यंतच जातो, त्याच्या खालचा भाग आर्गो फ्लोटच्या डेटातून जोडायचा. आर्गो फ्लोट साधारण दर १० दिवसांनी २००० मीटरपासून वर येत तापमान आणि खारटपणा दोन्ही मोजतात, आणि आपल्या भागातला डेटा हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती संस्थेकडून मिळतो. सर्व्हेच्या जवळचा आणि त्याच महिन्यातला घ्या. जोडाच्या जागी वेगात पायरी दिसली तर ती गुळगुळीत करायच्या आधी का आली ते शोधा.

सरासरी काढताना साधी सरासरी काढायची नाही. प्रत्येक थराची जाडी भागिले त्याचा वेग, याची बेरीज करा, आणि एकूण खोलीला त्या बेरजेने भागा. लहरी प्रत्येक थरात वेळ घालवतात, म्हणून हिशेब वेळेचाच.

पण ही मोजमापं एकटी पुरत नाहीत. आठवड्यातून एखाद-दोन प्रोब आणि सेल लाईन्स डझनभर, तेवढ्यावर प्रत्येक लाईनचा वेग ठरत नाही. मोजमापं खुंटा म्हणून ठेवायची, प्रत्येक लाईनचा वेग डेटातूनच काढायचा.

डेटातून वेग काढणं

समुद्रतळाचा रिफ्लेक्शन पिक करा (त्याची वेळ टिपा), पण पीकवर (लहरीच्या शिखरावर) क्लिक करून नाही. चांगल्या जागेचा एक पायलट ट्रेस (तुलनेसाठीची नमुना नोंद) घ्या आणि क्रॉस-कोरिलेशनने शिफ्ट काढा, इंटरपोलेशनसह. सॅम्पल २ मिलिसेकंदाचा आणि आपल्याला शोधायचाय अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सॅम्पलच्या आतली अचूकता लागणारच. तळ जिथे सपाट आहे तिथलेच पिक ठेवा. उतारावर मूव्हआऊटचा (ऑफसेट, म्हणजे सोर्स-रिसीव्हरमधलं अंतर, वाढेल तशी वाढणाऱ्या वेळेवरून काढलेला) वेग खऱ्या वेगापेक्षा जास्त येतो, आणि कॅनियनच्या कडेला तर तळाचे दोन-दोन रिफ्लेक्शन एकमेकांत घुसतात, ते पिक सरळ फेकून द्या, कितीही सुंदर दिसत असले तरी.

आता एका लाईनचा एनएमओ (हाच मूव्हआऊट) स्कॅन करून वेग काढता येतो, वेळेचा वर्ग आणि ऑफसेटचा वर्ग यांची सरळ रेषा बसवली की झालं, पण तो आकडा बराच डळमळीत असतो. त्याहून भरवशाचं म्हणजे शेजारच्या लाईन्स जिथे एकमेकींवर येतात तिथले बिन (नकाशावरचे छोटे चौकोन) घ्यायचे. जागा तीच, खोली तीच, म्हणून खोली वजा होऊन जाते आणि उरतो तो फक्त पाण्यातला फरक. सगळ्या ओव्हरलॅपवर मिळून एकच लीस्ट स्क्वेअर्स सोडवा: अज्ञात म्हणजे तळाच्या खोलीचा एक गुळगुळीत नकाशा आणि प्रत्येक सेल लाईनचा एक वेग. लाईन फार लांब असेल किंवा मध्ये शूटिंग थांबलं असेल तर तिचे दोन-तीन तुकडे करा.

यात एक अडचण कायम राहते. सगळे वेग एक टक्का वाढवा आणि सगळी खोली एक टक्का वाढवा, नियर (जवळच्या) ऑफसेटच्या वेळा जशाच्या तशा जुळतात. फक्त फार (लांबच्या) ऑफसेटचा मूव्हआऊट थोडा विरोध करतो. म्हणून कुठेतरी खुंटा ठोकावाच लागतो, आणि तो खुंटा म्हणजे चांगला सीटीडी. जहाजाच्या इको साउंडरची खोली खुंटा म्हणून घेऊ नका, त्या खोलीतही कोणीतरी पाण्याचा वेग भरलेलाच असतो, तो कोणता ते आधी विचारा.

निकालाची टेस्ट

ही पायरी कोणी टाळू नये. मघाचं उदाहरण घ्या: १५०० मीटर पाणी, झिरो ऑफसेटवर ४ मिलिसेकंदाचा फरक. याला तीन कारणं असू शकतात: वेग ३ ने वाढला, किंवा पाणी ३ मीटरने उतरलं, किंवा घड्याळात ४ चा डिले राहिला. नियर ट्रेसवर तिन्ही अगदी सारखे दिसतात, जगातला कोणीही फक्त नियर ट्रेस बघून ते वेगळे सांगू शकत नाही. आता ३००० मीटर ऑफसेटवर जा, तिथे पाण्यातला कोन ४५ डिग्री. वेग बदलला असेल तर रस्ता लांबल्यामुळे फरक वाढून ५.७ होतो. पाणी उतरलं असेल तर तिरक्या रस्त्यामुळे तो कमी होऊन २.८ होतो. आणि डिले असेल तर तो ४ चा ४ राहतो. ५.७, ४ आणि २.८. एवढा मोठा फरक गोंगाटातही दिसतो. सेल लाईनच्या जोड्यांसाठी फरक विरुद्ध ऑफसेट असा प्लॉट काढा, रेषा वर जाते, सपाट राहते की खाली येते ते बघा, आणि मगच त्याला नाव द्या. वर डिग्रीच्या हिशेबात न बसलेले ४ मिलिसेकंद इथे बहुतेक वेळा आपली खरी ओळख सांगतात.

करेक्शन लावणं

रेफरन्स वेग ठरवा. सोयीसाठी १५०० लिहून मोकळं व्हायची सवय आहे, पण मी सर्व्हेच्या मधल्या काळाचा खरा सरासरी वेग घेतो, म्हणजे बहुतेक लाईन्सना कमीत कमी हलवावं लागतं. आणि जो रेफरन्स घ्याल तोच पुढे मायग्रेशनच्या (रिफ्लेक्शन खऱ्या जागी नेण्याच्या) मॉडेलच्या पाण्याच्या थरात जायला हवा. करेक्शन एका वेगाला आणि मायग्रेशन दुसऱ्याच वेगाने, हे हँडओव्हरमध्ये फार सहज होतं, कारण दोन वेगळे लोक ती कामं करतात.

आता प्रत्यक्ष शिफ्ट. एका ट्रेसला एकच स्टॅटिक (वरपासून खालपर्यंत सारखा शिफ्ट) लावणं सोपं आहे पण बरोबर नाही. समुद्रतळाचा रिफ्लेक्शन ३००० मीटर ऑफसेटवर पाण्यातून ४५ डिग्रीने गेला, पण त्याच ऑफसेटवरचा खोलवरचा रिफ्लेक्शन पाण्यातून बराच उभा जातो, समजा २० डिग्रीने. त्याला लागणारं करेक्शन ४.३ आहे, तुम्ही तळावरून काढलेले ५.७ लावले तर १.४ मिलिसेकंद जास्त लागले, आणि तेही फक्त फार ऑफसेटवर, म्हणजे एव्हीओ (ऑफसेटनुसार ॲम्प्लिट्यूड कसा बदलतो ते) आणि व्हेलॉसिटी पिकिंग दोन्ही बिघडले. उलट सगळीकडे झिरो ऑफसेटचे ४ लावले तर तळाजवळचे फार ऑफसेट कमी करेक्ट झाले.

म्हणून टाऊ-पी मध्ये जा, म्हणजे डेटा ऑफसेटऐवजी लहरीच्या कोनानुसार मांडा. तिथे प्रत्येक पी म्हणजे पाण्यातला एक ठरलेला कोन, मग रिफ्लेक्शन तळाचा असो की खालचा, त्या पी साठी शिफ्ट एकच. शिफ्ट काढायचा हिशेब असा: वेगाच्या व्यस्ताचा वर्ग वजा पी चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, गुणिले खोली, गुणिले दोन. हे एकदा लाईनच्या वेगाने काढा, एकदा रेफरन्स वेगाने, आणि दोघांतला फरक लावा. मोठ्या पी ला वर्गमूळ शून्याजवळ जातं आणि शिफ्ट भडकतो, तिथे टेपर करा (हळूहळू कमी करत न्या). हे सगळं पाणी आजूबाजूला सारखंच खोल आहे असं धरून चालतं. तळ जोरात उतरत असेल तर छोट्या खिडक्या करून त्या त्या ठिकाणची खोली वापरा, आणि फारच खडबडीत असेल तर डेटा करेक्ट करायचा नाद सोडा आणि डेप्थ मायग्रेशनमध्ये प्रत्येक सेल लाईनच्या शॉट्सना आपापल्या पाण्याचं मॉडेल द्या. महाग पडतं, पण फिजिक्सला धरून आहे.

मल्टिपलचा (पाण्यात पुन्हा पुन्हा आपटून येणाऱ्या प्रतिध्वनीचा) विचार इथेच करा. प्रायमरी (एकदाच परावर्तित झालेली लहर) पाण्यातून एकदा खाली-वर जाते, पहिला वॉटर बॉटम मल्टिपल दोनदा. म्हणजे प्रायमरीला ४ लावले तर मल्टिपलला ८ लागले असते, तो अर्धवटच करेक्ट झालेला राहतो. सेल लाईनच्या आतल्या आत होणारं डिमल्टिपल (मल्टिपल काढून टाकणं) आधी, करेक्शन न लावलेल्या डेटावर उरकून घ्यावं असं माझं मत. थ्रीडी एसआरएमई (डेटातूनच मल्टिपलचा अंदाज काढायची पद्धत) शेजारच्या लाईन्सचे ट्रेस एकत्र आणतो, तिथे हा फरक थेट बोचतो, मग प्रेडिक्शनसाठी करेक्ट केलेला डेटा वापरा आणि मल्टिपलचं मॉडेल वजा करायच्या आधी मूळ लाईनच्या पाण्यावर परत न्या. उरलेला छोटा फरक अडॅप्टिव्ह सब्ट्रॅक्शन सांभाळून घेतं, पण मोठा फरक त्याच्यावर सोपवू नका, ते प्रायमरी खाऊन टाकतं.

नोड डेटा असेल तर

ओबीएनमध्ये (समुद्रतळावरच्या नोडच्या सर्व्हेत) रिसीव्हर तळावर असतो, म्हणून अपगोइंग (खालून वर नोडकडे येणारी) लहर पाण्यातून एकदाच जाते, सोर्सपासून तळापर्यंत. मिरर इमेजिंगसाठी वापरतो ती डाऊनगोइंग (पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून वरून नोडवर येणारी) तीनदा: खाली, वर, परत खाली. म्हणजे करेक्शनही एकास तीन. डायरेक्ट अरायव्हलमधून पाण्याचा वेग, नोडची जागा आणि घड्याळाचा ड्रिफ्ट तिन्ही एकत्र सोडवावे लागतात. ते वेगळे ओळखणं अवघड नाही. ड्रिफ्ट प्रत्येक नोडचा स्वतःचा असतो आणि दिवसांबरोबर सावकाश, साधारण सरळ रेषेत वाढतो. पाणी बदललं तर त्या दिवशीचे शॉट सगळ्या नोडवर एकदम हलतात. रेसिड्युअल (उरलेला फरक) एकदा नोडनुसार आणि एकदा शॉटच्या तारखेनुसार प्लॉट करा, लगेच कळतं. तळावर प्रेशर इन्व्हर्टेड इको साउंडर ठेवले असतील तर फारच छान, ते दाबावरून भरती आणि आवाजाच्या वेळेवरून पाण्याचा वेग असं दोन्ही सर्व्हेभर मोजत राहतात.

तपासणी

टाईम स्लाईसवर पट्टे गेले एवढ्यावर समाधान मानू नका, पट्टे चुकीच्या करेक्शननेसुद्धा जातात. मी बघतो ते असं. तळाच्या खूप खालच्या एखाद्या सपाट रिफ्लेक्टरवरही पट्टे गेलेत का, कारण पाण्यातला बदल खालच्या सगळ्या रिफ्लेक्टर्सना लागतो, आणि तळावर गेले पण खाली राहिले तर कोनाचा हिशेब चुकलाय. नियर, मिड आणि फार स्टॅक वेगवेगळे काढून तिन्हींवर क्रॉसलाईन गुळगुळीत आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काढलेले वेग शूटिंगच्या तारखेनुसार प्लॉट करायचे, सेल लाईनच्या नंबरानुसार नाही. समुद्र तारखेप्रमाणे चालतो. लागोपाठच्या दिवसांचे बिंदू एका सलग वळणावर बसले आणि एक्सबीटीचे आकडे त्याच्या जवळून गेले तर तुम्ही पाणी मोजलंय. बिंदू तारखेवर विखुरलेत पण लाईन नंबरवर, किंवा जहाजाच्या दिशेवर छान गट करून बसलेत, तर तुम्ही नेव्हिगेशन, केबलची खोली किंवा फेदरिंग (प्रवाहाने केबल बाजूला वाहत जाणं) यातलं काहीतरी पाण्याच्या नावाखाली मोजलंय, परत मागे जा.

फोर-डीसाठी (तोच सर्व्हे काही वर्षांनी परत करून तुलना करायची असेल तर) हेच अजून कडक. प्रॉडक्शनचा (तेल-वायू काढल्याने झालेल्या बदलाचा) सिग्नल कधी कधी मिलिसेकंदाच्या आतच असतो, बेसलाईन (पहिला) आणि मॉनिटर (नंतरचा) सर्व्हे वेगवेगळ्या सीझनमध्ये शूट झालेले असतात, त्यामुळे दोन्ही सर्व्हे एकाच रेफरन्सला आणि एकाच इन्व्हर्जनमध्ये सोडवा, वेगवेगळे सोडवून नंतर जुळवू नका.

डेटा देताना सोबत एक साधी टेबल फाईल द्या: सेल लाईन, तुकडा, शूटिंगची तारीख आणि वेळ, लावलेली भरती, काढलेला वेग, रेफरन्स वेग, वापरलेलं सूत्र, आणि करेक्शन डिमल्टिपलच्या आधी लागलं की नंतर. हेडरमध्येही लावलेला शिफ्ट ठेवा, म्हणजे पाच-सात वर्षांनी मॉनिटर सर्व्हे आला की दुसऱ्या कोणाला तो काढून परत लावता येईल.